एक्सलच्या खोक्यात नट का नसतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरत आला की नाशिकच्या गॅरेजांत एकाच तक्रारीच्या गाड्या लागतात. स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की पुढच्या चाकातून कट-कट-कट. त्र्यंबक रस्ता, पेठकडचा सावळ घाट, नांदुरीहून सप्तशृंगगडावर चढणारी वळणं, त्यात सिंहस्थाच्या कामांसाठी शहरात उकरून ठेवलेले रस्ते. एक्सल म्हणजे गिअरबॉक्सकडून येऊन चाक फिरवणारा दांडा. त्याच्या सांध्यावरचा (जॉइंटवरचा) रबरी बूट कुठेतरी चिरतो, ग्रीस उडून जातं, चिखल आत शिरतो आणि जॉइंट खलास होतो. हल्ली बरेच एसयूव्हीवाले नवा एक्सल ऑनलाइन मागवून सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच बसवतात. त्यात वावगं काही नाही, काम घरी होण्यासारखं आहे. पण ते बिघडतं तेव्हा बहुधा एका नटापाशी, एक्सलचं टोक चाकाच्या मधोमध आवळून धरणाऱ्या नटापाशी, बिघडतं, आणि तो नट एक्सलच्या खोक्यात बऱ्याचदा नसतोच. हे पत्र त्या नटासाठी आहे. बाकीचं काम नीट झालं नाही तर नटापर्यंत पोचताच येत नाही, म्हणून तेही सांगतो.

आधी गाडी कोणती ते बघा. नाशिकच्याच कारखान्यात बनत आलेल्या बोलेरो आणि स्कॉर्पिओ टू-व्हील ड्राइव्ह असतील तर मागच्या चाकांवर चालतात. त्यांच्या पुढच्या चाकांना एक्सलच नाही, तेव्हा आवाज आला तर तो दुसऱ्या कशाचा तरी. क्रेटा, ब्रेझा, नेक्सॉन या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या. थार फोर-बाय-फोरला पुढेही असे एक्सल आहेत; मागचा एक्सल मात्र सलग, त्यात हे जॉइंट नाहीत. मारुती ८०० ने १९८३ मध्ये पुढून ओढणारी गाडी घराघरांत आणली. त्याआधी अँबॅसिडर-पद्मिनीच्या जमान्यात या जॉइंटशी मेकॅनिकची गाठ क्वचितच पडायची.

पुढच्या प्रत्येक एक्सलला दोन जॉइंट असतात. बाहेरचा चाकाकडे; त्यात पिंजऱ्यात बसवलेल्या सहा पोलादी गोळ्या वाकड्या खोबणींतून फिरतात. आतला गिअरबॉक्सकडे, त्यात बहुतेक गाड्यांत तीन रोलरांचा ट्रायपॉड असतो, जो कपात आत-बाहेर सरकतो आणि चाक वरखाली झालं तरी एक्सलची लांबी जुळवून घेतो. बाहेरच्याच्या खोबणींत खड्डे पडले की वळताना कटकट होते. आतला झिजला की सरळ रस्त्यावर पिकअप घेताना गाडी थरथरते आणि पाय काढला की शांत होते. मोकळ्या मैदानात काच खाली करून, स्टिअरिंग पूर्ण वळवून, हलका अ‍ॅक्सिलरेटर देत दोन्ही बाजूंना गोल फिरा. डावीकडे वळताना आवाज आला तर बहुधा उजवा जॉइंट गेलेला असतो, कारण भार बाहेरच्या चाकावर येतो. वळणाशी संबंध नसलेली, वेगाबरोबर वाढणारी घूंघूं ही चाकाच्या बेअरिंगची. खड्ड्यातून सरळ जाताना होणारी खटखट बहुधा स्टॅबिलायझर लिंकची. हे न तपासता एक्सल मागवणाऱ्यांचे एक्सल नवे होतात आणि आवाज जुनाच राहतो.

बूट नुसता चिरला असेल आणि आवाज नसेल, तर पूर्ण एक्सल बदलायची गरज नाही. बूट किटचा खर्च शेकड्यांत, एक्सलचा हजारांत. किटबरोबर ग्रीसची पुडी येते, साधारण ८० ते १२० ग्रॅमची. ती सगळी भरायची. हे काळं मॉलिब्डेनम ग्रीस असतं. चाकाच्या बेअरिंगचं पिवळं ग्रीस इथे चालत नाही. क्लिप आवळण्याआधी बुटात बारीक पेचकस घालून अडकलेली हवा सोडा, नाहीतर बूट फुगतो आणि पुन्हा घासून फाटतो. प्लॅस्टिकचा केबल टाय लावणं म्हणजे महिनाभरात तेच काम पुन्हा. आणि कटकट सुरू झाल्यावर नवं ग्रीस भरून उपयोग नाही, खोबणीतला खड्डा ग्रीसने बुजत नाही. म्हणून पावसाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, स्टिअरिंग पूर्ण वळवून टॉर्चने चाकामागे बघा. रिमच्या आतल्या बाजूला किंवा ब्रेक कॅलिपरवर काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले तर बूट गेला. सुटे पैसे खर्च करायची वेळ तीच.

थारला दोन इंचाची लिफ्ट किट घालणाऱ्यांनी हेही जाणून असावं: गाडी उंच झाली की एक्सलचा कोन वाढतो, बुटाच्या घड्या एका बाजूला चेपतात, दुसऱ्या बाजूला ताणतात, आणि जॉइंट झिजायला लागतो. ऑफ-रोडच्या हौसेत हा खर्च धरूनच ठेवायचा.

आता प्रत्यक्ष काम. एसयूव्हीचं वजन एक टनाहून जास्त, काहींचं दोन टनांपर्यंत. गाडीबरोबर मिळणारा स्क्रू जॅक फक्त पंक्चर झालेलं चाक बदलायला. तीन टनी ट्रॉली जॅक आणि तीन टनी दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड) हव्यात. घोड्या चेसिसच्या ठरलेल्या जागी लावायच्या. नाशिकच्या बऱ्याच सोसायट्यांत पार्किंगला पेव्हर ब्लॉक आहेत, आणि पावसाने खालची रेती धुपली असेल तर घोडीचा पाय ब्लॉकसकट खचतो. प्रत्येक घोडीखाली दीड फूट चौरसाची १८ मि.मी. प्लायवूड टाका. विटा रचून गाडी टेकवू नका, वीट भाराखाली अचानक भुगा होते. मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा. काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवलं की शेवटची जागा राखलेली राहते.

गाडी उचलण्याआधीच हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) मधला मोठा नट ढिला करायचा. साधारणतः तो ३०, ३२ किंवा ३६ मि.मी.चा असतो. सहा कोनी इम्पॅक्ट सॉकेट आणि तीन चतुर्थांश इंची बार घ्या. अर्धा इंची बारला पाइप जोडून लोंबकळलात तर बार मोडतो आणि तुमचे दात जातात. नटाची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून वाकवलेली असेल तर ती आधी पंच आणि हातोडीने सरळ करा. स्प्लिट पिन असेल तर काढा. मग जमिनीवर फक्त पाव फेरा ढिला करा, पूर्ण सोडू नका. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत बेअरिंगची आतली दोन कडी हा नटच दाबून एकत्र ठेवतो. नट मोकळा करून चाकावर गाडीचं वजन आलं की ती कडी एकमेकांपासून सरकतात, आणि बेअरिंग वरून धडधाकट दिसलं तरी निकामी होतं. एक्सल काढलेली गाडी ढकलून पार्किंगमधून बाजूला घेणारे नेमकं हेच करतात. हलवावीच लागली तर जुन्या एक्सलचा बाहेरचा जॉइंट हबमध्ये घालून, नट कसून मग हलवा.

चाक काढल्यावर एबीएसची (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) वायर आणि तिची ब्रॅकेट मोकळी करा. ब्रेक कॅलिपर काढावा लागला तर तो तारेने स्प्रिंगला बांधा, होजवर लोंबकळू देऊ नका. टाय रॉड एंडचा (स्टिअरिंगचा दांडा चाकाकडे जोडणाऱ्या सांध्याचा) नट काढून एंड सोडवा. त्यासाठी बॉल जॉइंट पुलर वापरा, हातोडीने बूट फुटतो. मग नकल (हब आणि बेअरिंग धरणारा भाग) बाहेर ओढायला जागा करायची. स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या) गाड्यांत दोन वाटा. एक, नकलला धरणारे स्ट्रटचे दोन बोल्ट काढणं. यात बोल्टच्या डोक्याभोवती आधी रंगाची खूण करा, कारण काही गाड्यांत याच भोकांच्या सैलपणावर चाकाचा कॅम्बर, म्हणजे उभा तिरकेपणा, ठरतो. दुसरी, खालच्या आर्मचा बॉल जॉइंट सोडवणं. यात अलाइनमेंट हलण्याची शक्यता कमी, पण गंजलेला पिंच बोल्ट वैताग देतो. त्याला आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसातल्या गाडीचा बोल्ट असेल तर दोन रात्री.

हबमधून एक्सल सुटत नसेल तर सरळ टोकावर हातोडा घालू नका. जुना नट दोन-तीन आटे फिरवून त्याचं तोंड शाफ्टच्या टोकाशी बरोबर ठेवा, वर पितळेचा किंवा लाकडाचा ठोकळा धरा आणि मग ठोका. आटे चेपले तर पुढचा नट आडवा चढतो. जाम झालेल्या हबला पुलरच लावा. एक्सल सुटला की त्याचं टोक तारेने वर बांधा. लोंबकळला तर आतला जॉइंट कोनात ताणला जाऊन बूट फाटतो.

गिअरबॉक्सकडची बाजू काढताना सर्वाधिक चूक होते ती शाफ्ट धरून ओढण्याची. शाफ्ट धरून ओढलं की ट्रायपॉड कपातून सुटतो आणि कप गिअरबॉक्समध्येच राहतो. पहार कपाच्या कडेमागे घाला, गिअरबॉक्सच्या भक्कम कडेवर टेकवा आणि एक झटका द्या. आतली सर्क्लिप (खोबणीत बसणारी स्प्रिंगची कडी) सुटून कप बाहेर येतो. पहार ऑइल सीलवर (तेल अडवणाऱ्या रबरी कड्यावर) टेकली तर सील गेली. खाली ट्रे ठेवलेला हवा, अर्धा ते एक लिटर तेल सहज सांडतं. काही गाड्यांत आतला जॉइंट फ्लॅंजला सहा बोल्टनी धरलेला असतो, तिथे पहार लागत नाही आणि तेलही सांडत नाही. काही डिझेल गाड्यांत उजव्या बाजूला इंजिनवर बेअरिंगचा ब्रॅकेट असतो, तो आधी सोडवावा लागतो. दोन्ही बाजूंचे एक्सल एकाच वेळी काढू नका. काही गिअरबॉक्समध्ये डिफरेन्शियलच्या आतले साइड गिअर जागेवरून हलतात, आणि मग घरचं काम गिअरबॉक्स उघडण्यापर्यंत जातं. एक बाजू पूर्ण करा, मग दुसरी.

एक्सल बाहेर आला की गिअरबॉक्सची ऑइल सील बदलाच. स्वस्तातली सील वाचवून दोन महिन्यांनी पुन्हा हेच सगळं उघडायचं, याला शहाणपण म्हणत नाहीत. जुनी सील किती आत बसली होती ते काढण्याआधी मोजून ठेवा. नवी तेवढीच आत, तिच्याच व्यासाच्या सॉकेटने सरळ ठोका आणि ओठाला गिअर ऑइल लावा. तिरकी बसली की ओठ एका बाजूला दाबला जातो आणि तिथूनच थेंब गळतो.

नवा एक्सल जुन्याशेजारी जमिनीवर ठेवून मोजा: लांबी, दोन्ही टोकांचे दाते, बाहेरच्या जॉइंटची रुंदी, आणि जुन्यावर एबीएसचं कडं असेल तर नव्यावर ते आहे का. मॅन्युअल आणि ऑटोमॅटिकचे एक्सल वेगळे असू शकतात, फोटोवरून मागवू नका. गाडीच्या व्हीआयएन (चेसिस) क्रमांकावरून पार्ट नंबर काढा. दात्यांवरची प्लॅस्टिकची टोपी काढायला विसरणारेही असतात. नव्या सर्क्लिपला थोडं ग्रीस लावून ती मधोमध राहील अशी ठेवा, म्हणजे आत जाताना अडत नाही. दाते जुळवून सरळ आत घाला, शेवटी एक ठोस धक्का द्या. क्लिप बसल्याचा टक् आवाज येतो. मग कप धरून बाहेर ओढा, शाफ्ट नव्हे. किंचित खेळ असावा, पण कप बाहेर येता कामा नये. आला तर क्लिप बसलेली नाही, आणि घाटात हा एक्सल बाहेर निघू शकतो.

आता नट. जुना नट पुन्हा वापरू नका. एकदा ठोकून वाकवलेली कड दुसऱ्यांदा त्याच जागी नीट वाकत नाही. लॉक नट असेल तर त्याची पकड गेलेली असते. स्प्लिट पिनवाला कॅसल नट चालतो, पण पिन नवी. इथे गोंधळ सुरू होतो. ऑनलाइन आलेल्या खोक्यात एक्सल असतो, नट नसतो, कधी सर्क्लिपही नसते. मग जुनाच नट चढतो. टॉर्कचा, म्हणजे नट किती जोराने कसायचा त्याचा, आकडा गाडीच्या मालक-पुस्तिकेत बहुधा नसतो, तो वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतो, आणि ते मालकाला सहसा मिळत नाही. मग लोक व्हिडिओतला आकडा घेतात. अमेरिकन व्हिडिओतला १८० हा फूट-पाउंडांत असतो, तो न्यूटन-मीटर समजून कसला तर नट सुमारे ६४ न्यूटन-मीटरने ढिला राहतो, कारण १८० फूट-पाउंड म्हणजे २४४ न्यूटन-मीटर. जुन्या भारतीय पुस्तिकांत किलोग्रॅम-मीटर (अंतराचं किलोमीटर नव्हे) असा आकडा सापडतो, त्याला ९.८ ने गुणावं लागतं. एसयूव्हींच्या या नटाचा टॉर्क साधारण १८० ते ३०० न्यूटन-मीटरमध्ये असतो, पण तुमच्या गाडीचा म्हणजे तुमच्या गाडीचाच. शेजाऱ्याचा चालत नाही.

नट ढिला राहिला तर बेअरिंगची कडी हलतात, काही दिवसांत घूंघूं सुरू होते आणि बेअरिंगचं खापर कंपनीवर फुटतं. अति कसला तर आटे ताणतात. इम्पॅक्ट गनने खर्र करून सोडणं म्हणजे किती कसला ते कुणालाच ठाऊक नसणं. गॅरेजमध्येही हे सर्रास चालतं, आणि ग्राहक उभा राहून बघतो म्हणून ते बरोबर ठरत नाही.

पद्धत अशी: चाक हवेत असताना कुणाला तरी ब्रेक दाबायला बसवून नट बऱ्यापैकी घट्ट करा. मग चाक बसवून गाडी खाली घ्या आणि शेवटचा टॉर्क जमिनीवर द्या. अलॉयच्या मधल्या भोकातून सॉकेट जात नसेल तर तेवढ्यापुरतं स्टीलचं स्पेअर चाक लावा. अर्धा इंची साधा टॉर्क पाना बऱ्याचदा २०० न्यूटन-मीटरपर्यंतच असतो, इथे मोठा लागतो. तो मिळाला नाही तर वजनाचा हिशोब करता येतो. बार नटपासून आडवा, बरोबर जमिनीला समांतर धरा, नटाच्या मध्यापासून एक मीटरवर तांदळाचं २५ किलोचं पोतं दोरीने टांगा: २४५ न्यूटन-मीटर. अर्ध्या मीटरवर तेवढ्यासाठी ५० किलो लागतील. बारचं स्वतःचं वजनही धरा. मीटरभर लांबीचा तीन किलोचा पाइप असेल तर त्याचे साधारण १५ न्यूटन-मीटर वेगळे मोजा. हे टॉर्क पान्याच्या बरोबरीचं नाही, पण अंदाजाने लोंबकळण्यापेक्षा कितीतरी बरं. नंतर नटाची कड खाचेत ठोकून वाकवा. खालच्या आर्मचे आतले रबरी बुशचे बोल्ट सोडले असतील तर तेही गाडी चाकांवर उभी असतानाच कसा. हवेत कसलेले बुश पिळलेलेच राहतात आणि लवकर फाटतात.

तेलाबाबत एकच गोष्ट: आहे ते रिकामं करण्याआधी भरायचा बोल्ट सुटतो का ते बघा. सुटला नाही तर तेल काढून बसाल आणि भरता येणार नाही. गाडी सपाट ठेवून भरायच्या भोकातून तेल ओघळायला लागेपर्यंत भरा. प्रकार पुस्तिकेतलाच. मॅन्युअल गिअरबॉक्सला जीएल-४ सांगितलं असेल तर जीएल-५ टाकू नका, काही गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना ते मानवत नाही. ऑटोमॅटिक असेल तर लेव्हल बघण्याची पद्धत वेगळी, बऱ्याचदा तापमानावर अवलंबून. ते काम अनुभवी माणसाकडे द्या. सांडलेलं तेल गटारात ओतू नका. ते नासर्डीत जातं आणि तिथून गोदावरीत. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे, ते कॅनमध्ये भरून अधिकृत तेल गोळा करणाऱ्याला द्या.

चाकाचे नट चौफुली पद्धतीने (समोरासमोरचे, आळीपाळीने) कसा आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. स्ट्रटचे बोल्ट काढले असतील तर अलाइनमेंट करून घ्या. पहिल्या रात्री गाडीखाली कोरं पुठ्ठ्याचं खोकं पसरून ठेवा, सकाळी थेंब दिसला तर सील तिरकी बसली आहे. पहिल्यांदा करणाऱ्याला एका बाजूला पाच तास लागतात, त्यामुळे रविवारी दुपारी तीनला सुरुवात करू नका.

आता मागणी, आणि ती मोठी नाही. एक्सल विकणाऱ्यांनी, कंपनीचा असो की बाजारातला, खोक्यात नवा नट आणि नवी सर्क्लिप घालावी. सील वेगळी विकत असतील तर तिचा पार्ट नंबर खोक्यावर छापावा. आणि खोक्यावर मराठीत तीन ओळी असाव्यात: या गाडीच्या हब नटाचा टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये, नट पुन्हा वापरायचा की नाही, आणि तेल कोणतं व किती. शंभर रुपयांच्या औषधाच्या पाकिटावर याहून जास्त मजकूर असतो. जो भाग घाटात चाकाला गाडीशी जोडून ठेवतो, त्याच्या खोक्यावर आज बारकोड आणि एमआरपी दिसतात, या तीन ओळी सहसा नसतात.

आपला,
एक वाचक, सातपूर, नाशिक